तीस दिवसांची फेरी चुकली: पामडेल केंद्रातील रेडिओ-मौनाचे प्रकरण

१४ सप्टेंबर २००४ रोजी, मंगळवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास, लॉस एंजेलिसच्या उत्तरेला मोहावे वाळवंटाच्या कडेवर वसलेल्या पामडेल येथील हवाई वाहतूक नियंत्रण केंद्रातील नियंत्रकांचा सुमारे ४०० विमानांशी असलेला बोलण्याचा संपर्क एकाएकी तुटला. रडारचे पडदे चालू होते, पडद्यावरचे ठिपके पुढे सरकत होते, प्रत्येक ठिपक्याशेजारी उड्डाण क्रमांक आणि उंची व्यवस्थित उमटत होती. मात्र हेडसेटमध्ये ना कुणाचा आवाज येत होता, ना आपला आवाज कुणापर्यंत पोहोचत होता. राखीव यंत्रणा सुरू करण्यात आली, तीही मिनिटभरात कोलमडली. संपर्क पूर्ववत व्हायला तीन तासांहून अधिक वेळ लागला, दक्षिण कॅलिफोर्नियातील उड्डाणे रोखून धरावी लागली आणि देशभरातील सुमारे ८०० उड्डाणांचे वेळापत्रक विस्कटले.

हे केंद्र ज्या आकाशाची जबाबदारी सांभाळते त्याचा विस्तार सुमारे ४,६०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या जवळपास दीडपट आहे. एवढ्या आकाशात प्रवासाच्या उंचीवरील दोन जेट विमाने प्रत्येकी ताशी ४५० सागरी मैल वेगाने समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यातील अंतर मिनिटाला १५ सागरी मैलांनी घटते. दोन विमानांमध्ये किमान ५ सागरी मैलांचे आडवे अंतर राखायचे, आणि ते राखता येत नसेल तर उंचीतील ठरावीक फरक राखायचा, असा नियम आहे. २९,००० फुटांच्या वर हा फरक अमेरिकेत त्या वेळी २,००० फूट होता, तो १,००० फुटांवर आला जानेवारी २००५ मध्ये. समोरासमोर येणाऱ्या अशा दोन विमानांमधले पाच मैलांचे अंतर संपायला मात्र वीस सेकंद पुरेशी असतात. त्या संध्याकाळी किमान पाच वेळा विमाने नियमातील अंतरापेक्षा एकमेकांच्या जवळ आली. नियंत्रक ते पडद्यावर पाहत होते. काहींनी खिशातले स्वतःचे मोबाइल काढून शेजारच्या केंद्रांना कळवले, पण वैमानिकाला डावीकडे वळायला सांगण्याचे साधन त्यांच्यापाशी उरले नव्हते. वैमानिकाच्या बाजूने पाहिले तर परिस्थिती अधिकच विचित्र असते, कारण शांत फ्रीक्वेन्सी ही त्याला रोजची गोष्ट आहे. ही शांतता वाहतूक कमी असल्यामुळे आहे की जमिनीवर कुणी ऐकतच नाही म्हणून आहे, हे त्याला दोन-तीनदा हाक मारून उत्तर न आल्याशिवाय कळत नाही.

देखभालीच्या दृष्टीने या प्रकरणातील पहिली नोंद घेण्याजोगी बाब अशी की त्या दिवशी टेकड्यांवरच्या ट्रान्समीटरांची आणि रिसीव्हरांची साखळी बिघडलेली नव्हती. आपण सैलपणे ‘रेडिओ गेला’ असे म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात एका लांब साखळीतील कोणतीही एक कडी गेलेली असू शकते. नियंत्रक पीटीटी (बोलताना दाबून धरायचे) बटण दाबून बोलतो, त्याचा आवाज कन्सोलवरून ध्वनी-जोडणी यंत्रणेत जातो, ही यंत्रणा तो आवाज निवडलेल्या फ्रीक्वेन्सीच्या वाहिनीला जोडते, तेथून भाड्याच्या लाइनीवरून किंवा मायक्रोवेव्हवरून तो शेकडो किलोमीटर दूर डोंगरमाथ्यावरच्या मनुष्यविरहित स्थानकात पोहोचतो आणि तेथील व्हीएचएफ ट्रान्समीटर तो ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, आजही जुन्या एएम पद्धतीनेच, आकाशात सोडतो. विमानाचे उत्तर याच वाटेने उलटे येते. पामडेलमध्ये थांबली ती मधली कडी, म्हणजे व्हॉइस स्विचिंग अँड कंट्रोल सिस्टिम या नावाची ध्वनी-जोडणी यंत्रणा. कोणत्या नियंत्रकाचा आवाज कोणत्या रेडिओला आणि कोणत्या टेलिफोन लाइनीला जोडायचा, हे ती ठरवते. सगळ्या वाहिन्या एकाच दारातून जात असल्यामुळे ते दार बंद होताच प्रत्येक फ्रीक्वेन्सी एकाच क्षणी मुकी झाली. नेहमीचा रेडिओ-बिघाड असा नसतो. एक वाहिनी खरखरते, एखाद्या दिशेला ऐकू येत नाही, मग शेजारची वाहिनी वापरून निभावून नेता येते.

ती यंत्रणा का थांबली, याचे उत्तर एका आकड्यात आहे: ४,२९,४९,६७,२९६. ३२ द्विअंकी स्थानांत (बिटांत) मावणाऱ्या वेगवेगळ्या संख्यांची ही गणती आहे. या यंत्रणेच्या नियंत्रण भागाचे नूतनीकरण करताना जुन्या युनिक्स सर्व्हरांच्या जागी विंडोजवर चालणारे सर्व्हर बसवले गेले होते. या नव्या भागात वेळ मोजणारा एक काउंटर होता, आणि तो चालू झाल्याच्या क्षणापासून दर मिलिसेकंदाला एक याप्रमाणे उलटा मोजत शून्याकडे सरकत असे. वरील आकड्याइतके मिलिसेकंद म्हणजे ४९ दिवस, १७ तास आणि सुमारे ३ मिनिटे. काउंटर शून्याला पोहोचला की यंत्रणेला वेळ मोजता येईना, आणि वेळ मोजता येत नसल्यामुळे ती स्वतःला बंद करून घेई. संगणकाच्या दुनियेत हा ४९.७ दिवसांचा आकडा नवा नव्हता; विंडोज ९५ आणि विंडोज ९८ सलग तेवढे दिवस चालू ठेवले तर नेमके तेव्हाच गोठत, आणि त्यावर दुरुस्तीही काही वर्षे आधीच निघाली होती. घरचा संगणक सलग पन्नास दिवस कुणी चालू ठेवत नसे, त्यामुळे तो विनोदाचा विषय झाला. नियंत्रण केंद्रातील यंत्रणा मात्र कधीच बंद न करण्यासाठीच बसवलेली असते.

हा दोष त्या संध्याकाळी प्रथमच उघड झाला असे नव्हे. अटलांटा येथील केंद्रात तो आधीच दिसला होता आणि अमेरिकेच्या संघीय विमान प्रशासनाला, म्हणजे एफएएला, त्याची कल्पना होती. त्यावरचा उपाय म्हणून असे ठरवण्यात आले की तंत्रज्ञाने दर ३० दिवसांनी यंत्रणा हाताने बंद करून पुन्हा चालू करावी, म्हणजे काउंटर पुन्हा पूर्ण भरेल. पामडेलमध्ये ही तीस दिवसांची फेरी झाली नाही. एफएएने मानवी चूक असे कारण दिले आणि संबंधित कर्मचाऱ्याला या कामाचे नीट प्रशिक्षण मिळालेले नव्हते असेही सांगितले.

‘मानवी चूक’ हे शब्द चुकीचे नाहीत, पण माझ्या मते ते चुकीच्या माणसाला चिकटवले गेले. तंत्रज्ञ एक ठरलेले काम विसरला, हे खरेच. मात्र तो विसरू शकेल अशा जागी ते काम कुणी ठेवले, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे, आणि या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे.

भू-स्थानकांवरच्या रेडिओ आणि सुरक्षा उपकरणांची देखभाल करणाऱ्या माणसाचे डोळे आणि हात झीज ओळखायला शिकलेले असतात. पावसाळ्यात ट्रान्समीटरकडून अँटेनाकडे जाणाऱ्या केबलच्या कनेक्टरमध्ये पाणी झिरपले, तर परावर्तित शक्तीचा, म्हणजे अँटेनाकडे न जाता ट्रान्समीटरकडे परत फिरणाऱ्या शक्तीचा, आकडा आठवड्यागणिक थोडाथोडा चढत जातो. शिडी लावून, चिकट टेपचे वेढे सोडवून कनेक्टर उघडला की आतल्या पिनेवर हिरवट थर दिसतो आणि आकड्याचा खुलासा होतो. बॅटरी बँकेतील बाकीचे सेल २.२ व्होल्टच्या वर असताना एखादा २ व्होल्टच्या आसपास रेंगाळू लागला, तर तो पुढच्या महिन्यात दगा देणार हे मल्टिमीटर आजच सांगतो. मॉड्युलेशन उतरते, पंख्याचा आवाज बदलतो, रिसीव्हरची संवेदनशीलता मंदावते. अशा वेळी नियतकालिक तपासणी चार दिवस उशिरा झाली तरी उपकरण कुरकुरत राहते, चालू राहते आणि लक्ष वेधून घेते. लॉगबुकातील आकडे एकाखाली एक वाचले की बिघाडाची चाहूल लागते; किंबहुना लॉगबुक लिहायचे ते त्यासाठीच.

पामडेलमधील काउंटरला झीज नव्हती. एकतिसाव्या दिवशी काही झाले नाही, पस्तिसाव्या दिवशी झाले नाही, अठ्ठेचाळिसाव्या दिवशीही यंत्रणा पहिल्या दिवसाइतकीच स्वच्छ आणि तत्पर होती. आवाज स्पष्ट, जोडण्या तत्काळ, एकही धोक्याचा दिवा नाही. एकोणपन्नासाव्या दिवशी कोणत्याही मीटरने तपासणी केली असती तरी अहवाल निर्दोष आला असता. शिवाय तीस आणि एकोणपन्नास यांच्यामधले एकोणीस-वीस दिवस दुधारी होते: सुरक्षिततेची राखीव मुदत म्हणून ते ठेवलेले होते, पण त्याच दिवसांनी उशिराची शिक्षा लांबवली आणि ‘एखादी फेरी राहिली तरी चालते’ हा समज पोसला गेला असल्यास नवल नाही. कामांच्या यादीत ‘दर ३० दिवसांनी पुन्हा चालू करणे’ ही ओळ ‘दर ३० दिवसांनी हवेची गाळणी झटकणे’ या ओळीशेजारी बसली की दोन्ही सारख्याच दिसतात. एक राहिली तर थोडी धूळ साचते; दुसरी राहिली तर ४०० विमानांशी बोलणे थांबते.

त्यातच हे काम कुणालाही टाळावेसे वाटेल असे आहे, हेही मान्य केले पाहिजे. चोवीस तास चालणाऱ्या केंद्रात चालू यंत्रणा मुद्दाम बंद करायची तर रात्रीची कमी वाहतुकीची वेळ शोधावी लागते, पाळी-प्रमुख नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागते, वाहतूक राखीव यंत्रणेवर न्यावी लागते आणि पुन्हा सगळे जागेवर आले की नाही हे वाहिनीगणिक तपासावे लागते. त्या रात्री हवामान बिघडले किंवा नियंत्रकांनी ‘आज नको’ म्हटले, तर काम पुढे ढकलले जाते. व्यवस्थित चालणाऱ्या यंत्राला हात लावू नये, ही तर या धंद्यातली जुनी आणि बहुतेक वेळा बरोबर ठरणारी शहाणीव आहे. अशा कामामागचे कारण करणाऱ्याला ठाऊक नसेल, तर तो ते विनाकारण जोखमीचे मानणार, आणि त्यात त्याचा दोष काढता येत नाही.

राखीव यंत्रणा मिनिटभरात का कोलमडली, याचा विचारही याच अंगाने करायला हवा. मुख्य आणि राखीव असे दोन संच असले की आपण निर्धास्त होतो, पण राखीव संचाची खरी परीक्षा पूर्ण भार त्याच्यावर पडतो तेव्हाच होते. आपल्याकडच्या स्थानकांवरही मेन-स्टँडबाय चेंजओव्हर करून पाहण्याची पद्धत आहे. त्यात पुष्कळदा संच बदलला, हिरवा दिवा लागला, एक चाचणी-हाक दिली आणि परत मूळ संचावर आलो, एवढ्यावर भागते. डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी जोडलेल्या चाचणी-भारावर, दोन मिनिटे चाललेला ट्रान्समीटर अँटेनावर अख्खी पाळी काढेल, अशी हमी त्यातून मिळत नाही. राखीव संचावर एखादा पूर्ण दिवस प्रत्यक्ष वाहतूक चालवणे हाच त्याचा कस, आणि तो लावण्याची वेळ आपण निवडलेली बरी.

मोजणीवर चालणाऱ्या दोषापुढे तर दोन संचही एकच ठरू शकतात, हे पुढे एका वेगळ्याच ठिकाणी दिसले. २०१५ मध्ये एफएएने बोइंग ७८७ विमानांसाठी एक निर्देश काढला. या विमानातील जनित्रांच्या नियंत्रक एककांमध्ये असाच एक काउंटर होता आणि एकक सलग २४८ दिवस चालू राहिले तर तो ओसंडून एकक सुरक्षित अवस्थेत, म्हणजे प्रत्यक्षात वीजनिर्मिती थांबवून, बसत असे. २४८ दिवस म्हणजे ३१ द्विअंकी स्थानांत मावतील एवढे शतांश सेकंद, जातकुळी तीच. इंजिनांवरील जनित्रांची अशी चार एकके विमानात असतात, पण चारही एकाच वेळी चालू केलेली असतील तर चारही एकाच वेळी थांबणार आणि विमानाचा सगळा एसी वीजपुरवठा जाणार. झीज प्रत्येक एककात वेगवेगळ्या गतीने होते, म्हणून चार एकके ही चार वेगळी संरक्षणे ठरतात. मोजणी मात्र चारांत एकाच गतीने चालते. दर १२० दिवसांनी वीज पूर्ण बंद करावी, असा तात्पुरता उपाय तेव्हा सांगितला गेला. एअरबस ए-३५० च्या काही विमानांसाठी युरोपीय सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये दिलेली मुदत याहून कितीतरी कमी, सलग १४९ तासांची होती.

पामडेलच्या आकाशात त्या संध्याकाळी टक्कर झाली नाही, याचे मोठे श्रेय विमानांतल्या टीकॅस या टक्कर-प्रतिबंधक यंत्रणेला जाते. ही यंत्रणा जमिनीवर अवलंबून नसते. ती शेजारच्या विमानाच्या ट्रान्सपॉन्डरला, म्हणजे विचारणेला आपोआप उत्तर देणाऱ्या रेडिओ-उपकरणाला, १०३० मेगाहर्ट्झवर विचारते, १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर घेते आणि धोका जवळ आला की एका वैमानिकाला वर चढायला, दुसऱ्याला खाली उतरायला सांगते. भारतात ती सक्तीची होण्यामागे चरखी दादरी येथील १२ नोव्हेंबर १९९६ ची, ३४९ बळी घेणारी टक्कर होती. पामडेलच्या दोनच वर्षे आधी, १ जुलै २००२ च्या रात्री, जर्मनीतील युबरलिंगेनवर दोन विमाने आदळून ७१ माणसे गेली, तेव्हाही जमिनीवर देखभालीचे काम चालू होते: झुरिच केंद्राची मुख्य टेलिफोन यंत्रणा त्या कामासाठी बंद होती, पर्यायी लाइन सदोष निघाली आणि धोका आधीच पाहिलेल्या कार्ल्सरूहे केंद्राचे दूरध्वनी झुरिचपर्यंत पोहोचले नाहीत. तिथे टीकॅसने एका विमानाला वर जायला सांगितले असताना नियंत्रकाने त्यालाच खाली उतरायला सांगितले होते. त्यानंतर आंतरराष्ट्रीय पातळीवर टीकॅसचाच आदेश पाळावा हे निःसंदिग्ध करण्यात आले. पामडेलमध्ये परस्परविरोधी सूचना देणारा आवाजच उरला नव्हता. ही बाब दिलासा देणारी आहे की अस्वस्थ करणारी, हे ठरवणे मला अजून जमलेले नाही.

प्रकरणानंतर काउंटर माणसाच्या हाताशिवाय आपोआप ठरावीक काळाने भरला जाईल, अशी सॉफ्टवेअर दुरुस्ती करायचे ठरले. हाच खरा उपाय होता आणि दोष प्रथम दिसला तेव्हाच तो व्हायला हवा होता. दोष कळल्यापासून दुरुस्ती बसेपर्यंतचा काळ तंत्रज्ञाच्या स्मरणशक्तीवर ढकलणे याला मी देखभाल म्हणणार नाही; ती उसनवारी आहे, आणि उसनवारीची निदान मुदत तरी ठळक लिहून ठेवावी लागते. असे काम पत्करावेच लागले, तर त्याचे कार्ड गाळणी झटकण्याच्या कार्डापेक्षा वेगळे दिसले पाहिजे. मी ते पुढीलप्रमाणे लिहीन.

काम: ध्वनी-जोडणी यंत्रणेचा नियंत्रण सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करणे. मुदत: मागील वेळी चालू केल्यापासून ३० दिवस, ४० व्या दिवसापर्यंत न झाल्यास केंद्रप्रमुखांना लेखी कळवणे. कारण: आतील काउंटर ४९ दिवस १७ तासांत संपतो. न केल्यास: सर्व वाहिन्यांवरील आवाज एकाच वेळी बंद होतो, पूर्वसूचना मिळत नाही. राखीव संच: मुख्य संचाच्या दिवशीच चालू करू नये, दोन्हींत किमान दहा दिवसांचे अंतर ठेवावे. पुष्टी: ‘केले’ अशी खूण पुरेशी नाही, सर्व्हर किती वेळ सलग चालू आहे तो आकडा पडद्यावरून वाचून लिहावा आणि दुसऱ्या व्यक्तीने सही करावी.

या कार्डातील शेवटची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘केले’ ही खूण करणाऱ्याविषयी सांगते, चालू वेळेचा आकडा यंत्राविषयी सांगतो; तो आकडा रोजच्या पाळीच्या नोंदीत असता, तर ३१, ३५, ४० असा चढत जाणारा स्तंभ कुणाच्या तरी नजरेस पडला असता आणि ज्या दोषाला चाहूल नव्हती त्याला ती आपणच दिली असती. सॉफ्टवेअर दुरुस्ती बसल्यानंतर हे कार्ड रद्द करून त्यावर रद्द करण्याचे कारण आणि तारीख लिहावी लागेल, नाहीतर दहा वर्षांनी कुणीतरी प्रामाणिक तंत्रज्ञ, का ते ठाऊक नसताना, दर महिन्याला मध्यरात्री चालू यंत्रणा बंद करत राहील.